उजव्या मनगटावरचे घड्याळ

वाचकाचे पत्र, थोडक्यात

डोंबिवलीला राहणाऱ्या आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पाच पानी पत्र आले आहे. २०१७ च्या पावसाळ्यापासून मार्च २०२० मध्ये लोकल बंद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे, त्यांच्या सकाळच्या जलद गाडीच्या महिला डब्यात साठीच्या आसपासच्या एक बाई ठाण्याला चढत आणि दादरला उतरत. मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, इरकली साडी, कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके, पायांत कोल्हापुरी चपला आणि उजव्या मनगटावर मोठ्या तबकडीचे पुरुषी घड्याळ. त्यांच्याशी पत्रलेखिकेचे कधी बोलणे झाले नाही. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, पण त्या बाई परत दिसल्या नाहीत. गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून पत्रलेखिकेने सुमारे सव्वीस हजार रुपयांच्या आठ इरकली साड्या, तसेच घड्याळ आणि तशाच चपला घेतल्या. मात्र आरशासमोर उभे राहिले की 'सोंग आणल्यासारखे' वाटते, कार्यालयात 'आज काय कार्यक्रम?' असे विचारले जाते आणि कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, 'आई, तू कुणाची तरी नक्कल करते आहेस.' शिवाय डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी नकळत काढलेला त्या बाईंचा एक फोटो मोबाइलमध्ये आहे. तो समाजमाध्यमांवर टाकला तर दोन दिवसांत पत्ता लागेल, असे एका सहकारी मैत्रिणीचे म्हणणे आहे. फोटो टाकावा का, साड्यांचे काय करावे, आणि एका अनोळखी बाईचा या वयात इतका प्रभाव पडणे हे बरे लक्षण आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. हे हिशेब तपासणाऱ्या व्यक्तीचे पत्र आहे हे पानोपानी जाणवते, कारण जे पाहिले ते तुम्ही नेमके टिपले आहे. काही ठिकाणी मात्र हातात आकडा नसताना तुम्ही बेरीज करून टाकली आहे, आणि तुमची अडचण बहुतेक त्याच जागांमधून निघालेली आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. बरे लक्षण आहे. रोजच्या वाटेवर दिसणारी, चेहऱ्याने पक्की माहीत असलेली आणि तरीही नावगाव ठाऊक नसलेली माणसे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये त्यांना 'ओळखीचे अनोळखी' असे नाव दिले. त्याच्या विद्यार्थ्यांनी उपनगरी गाड्यांच्या फलाटांवर थांबलेल्या प्रवाशांची छायाचित्रे घेतली आणि नंतर त्याच प्रवाशांना ती दाखवून यांतले कोण ओळखीचे वाटते असे विचारले, तेव्हा सरासरीने प्रत्येकाला अशी चार माणसे सापडली की ज्यांना तो रोज पाहत होता आणि ज्यांच्याशी एकदाही बोललेला नव्हता. मिलग्रॅमने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती तुमच्या खंतीला लागू पडते. न बोलता जितके अधिक दिवस जातात तितके पहिले वाक्य उच्चारणे अवघड होत जाते, इतके की पूर्ण परक्या माणसाला वेळ विचारणे त्याहून सोपे वाटते. तेव्हा पावणेतीन वर्षांत तुम्ही बोलला नाहीत यात भित्रेपणा शोधत बसू नका. दुसऱ्या महिन्यात जे जमले असते ते दुसऱ्या वर्षात जमणे कठीणच होते.

आणि खरे सांगायचे तर तुम्ही बोलला आहात. तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिले आहे की पहिल्याच पावसाळ्यात एकदा त्यांना कुणीतरी जागा करून दिली होती, तुम्ही समोर उभ्या होता, तुम्ही 'कुठे उतरणार?' असे विचारले, त्या 'दादर' म्हणाल्या, आणि कुर्ला गेल्यावर उठताना त्यांनी हाताने तुम्हाला जागा दाखवली. महिला डब्यातून प्रवास करणाऱ्या माझ्या बहिणीने मला अनेकदा समजावले आहे की तिथे 'कुठे उतरणार?' हा प्रश्न म्हणजे आरक्षण असते आणि मिळालेले उत्तर म्हणजे तिकीट. दादरपासून पुढची पंधरा मिनिटे तुम्ही त्यांच्या जागेवर बसून गेलात. हा एवढा प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकला आणि घड्याळावर मात्र अख्खे पान खर्च केलेत, याचे मला थोडे नवल वाटले.

आता त्या घड्याळाकडे येऊ. चौथ्या पानावर तुम्ही म्हणता की सगळे जग डाव्या हातात घड्याळ बांधत असताना त्यांनी ते उजव्या हातात बांधावे, हा त्यांचा 'शांत बंडखोरपणा' तुम्हाला फार आवडायचा, आणि म्हणून आता तुम्हीही उजव्या हातात बांधता. फक्त लिहिताना पट्टा टेबलाला घासतो आणि दिवसभर हात अवघडल्यासारखा होतो. आता दुसरे पान काढून पाहा. तिथे तुम्ही लिहिले आहे की ठाणे ते कुर्ला त्या एका छोट्या वहीत डाव्या हाताने काहीतरी लिहीत असत. ताई, त्या बाई डावखुऱ्या होत्या. डावखुरी माणसे बहुधा उजव्या मनगटावरच घड्याळ बांधतात, तुम्हाआम्हाला ते डाव्या मनगटावर सोयीचे पडते त्याच कारणासाठी. तुम्ही एका डावखुऱ्या बाईची सोय उचलून उजव्या हाताने लिहिणाऱ्या बाईच्या मनगटावर बांधली आहे आणि हात का अवघडतो हे मला विचारता आहात!

हसण्यावारी नेऊ नका. मला यात पुष्कळ काही दिसते. त्यांची दादरला उतरण्याची तयारी तुम्ही फार सुरेख वर्णन केली आहे. कुर्ला गेले की वही मिटायची, चष्मा काढून डबीत आणि डबी पिशवीत, पदर कमरेला घट्ट खोचायचा, पिशवी खांद्यावरून पुढे पोटाशी घ्यायची, घड्याळात एकदा पाहायचे आणि दाराकडे सरकायचे. तुम्हाला त्यात 'पूजेची मांडामांड' दिसली. सकाळच्या गर्दीत दादरला जी कोणी उतरली असेल तिला मात्र त्यात दादर दिसेल. सुटा पदर कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकतो, चष्म्याला धक्का लागतो, मागची पिशवी मागेच राहते. आणि चष्मा काढल्यानंतर घड्याळ पाहायचे असेल तर तबकडी मोठीच लागणार. पुरुषी घड्याळ वापरण्यामागे काही विचार असेलही, नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही; पण साठीच्या डोळ्यांना चाळिशीशिवाय काटे दिसावेत, एवढे कारण मला पुरेसे वाटते. त्यांच्या अंगावरची एकेक वस्तू कुठल्या ना कुठल्या गरजेच्या खुंटीला टांगलेली होती. तुम्ही वस्तू आणल्या, खुंट्या मात्र तिकडेच राहिल्या.

मी हे शहाणपण शिकवतो आहे असे समजू नका, कारण याच वाटेने मी स्वतः पडून आलो आहे. शाळेत असताना मिरजेहून आमच्या गावाकडे जाणाऱ्या एसटीवर एक कंडक्टर असत. इस्त्रीची खाकी, आणि मानेमागे सदऱ्याच्या कॉलरच्या आत चौकोनी घडी घालून खोवलेला पांढराशुभ्र रुमाल. तिकिटांच्या पेटीवर चिमटा वाजवत ते पुढून मागे येत, तेव्हा तो रुमाल गाडीभर उठून दिसे. सुटे पैसे चामडी पिशवीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असत आणि न पाहता बोटे बरोबर चार आण्यांवर पडत. मला ते नटासारखे वाटत. पुढे कॉलेजात गेल्यावर मीही कॉलरमध्ये रुमाल खोवून हिंडू लागलो. वर्गातल्या मुलांनी आठवडाभर मला 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून हैराण केले आणि रुमाल खिशात गेला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्याच खात्यात काम केलेल्या एका गृहस्थांशी सहज बोलताना कळले की त्यांच्या वेळी गणवेशाचे जोड मोजके मिळत, घामाने कॉलर मळली की गणवेश रोज धुवावा लागे, म्हणून पुष्कळ जण मानेला रुमाल लावत. माझ्या मनात वीस वर्षे जी ऐट म्हणून बसली होती ती धुणे वाचवण्याची युक्ती होती. यामुळे त्या कंडक्टरांविषयीचे माझे मत तसूभरही उतरले नाही. रुमाल सगळेच लावत असतील, पण तो पांढराशुभ्र आणि चौकोनी घडीचा असावा हा आग्रह त्यांचा एकट्याचा होता.

सार्वजनिक आयुष्यातले एक उदाहरण द्यायचे तर इरावतीबाई कर्वे. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, साडी नेसून स्कूटर चालवणाऱ्या इरावतीबाई त्या काळच्या पुण्यात रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्याही कायमच्या लक्षात राहिल्या. पाहणाऱ्यांना ते धाडस वाटले आणि ते होतेही; पण स्कूटर हे आधी कामावर पोचण्याचे वाहन होते. केवळ उठून दिसण्यासाठी कुणी स्कूटर घेतली असती तर ती महिन्याभरात दारात धूळ खात पडली असती, असा माझा अंदाज आहे.

आता बेरजांविषयी. तुमच्या पत्रात त्या बाईंच्या साड्यांचे तीनच रंग येतात. डाळिंबी, मोरपंखी आणि गर्द जांभळा. मी पेन्सिलीने खुणा करून मोजले आहेत. चौथा रंग नाही. तुमची नजर पाहता, चौथी इरकल असती तर ती तुमच्याकडून सुटली नसती. म्हणजे पावणेतीन वर्षे त्या बहुधा तीन साड्या आलटून पालटून नेसत होत्या आणि तुम्ही एका दिवाळीत आठ घेतल्यात. ज्या गोष्टीने तुम्हाला इतके बांधून ठेवले ती साड्यांच्या संख्येत नव्हती. त्याच त्या साड्या पुन्हा पुन्हा नेसल्याने त्यांचे जे सख्य झाले होते त्यात ती होती. दुसरी बेरीज त्याहून मोठी आहे. त्या 'नक्कीच एखाद्या कॉलेजात शिकवत असणार', 'एकट्या आणि स्वतःच्या मर्जीने राहत असणार', 'कुणाची पर्वा करत नसणार' असे तुम्ही लिहिता. यांपैकी एकाही गोष्टीची नोंद तुमच्याकडे नाही. वहीत त्या हिशेब लिहीत असतील. घरगुती डब्यांचा व्यवसाय असेल, भिशी सांभाळत असतील किंवा आजारी माणसाच्या औषधांच्या वेळा मांडत असतील. त्यांच्या दिवसातला अर्धा तास तुम्ही पाहिला, उरलेले साडेतेवीस तास तुम्ही लिहिले. असे करण्यात काही गैर नाही, अनोळखी माणसाच्या बाबतीत आपण सगळेच ते करतो. फक्त एवढे ओळखा की ती स्वतंत्र, निर्धास्त, कुणाला न जुमानणारी बाई बऱ्याच अंशी तुम्ही रचलेली आहे. जे रचावेसे वाटले त्यावरून तुम्हाला स्वतःसाठी काय हवे आहे याचा अंदाज येऊ शकतो, आणि ते इरकलीच्या दुकानात मिळणारे नाही. घरात अर्धा तास कुणी हाक मारू नये, एवढेच हवे असेल तर तेही सांगून टाकण्यासारखे आहे.

तुमच्या मुलीच्या शब्दाविषयी थोडे बोलतो, कारण तो तुम्हाला लागला आहे. नक्कल या शब्दाची आपल्याकडे उगाच बदनामी झाली आहे. साडी नेसायला आपण आईचे पाहून शिकलो, सही वडिलांसारखी वळणदार करायचा प्रयत्न केला, बोलण्यातले निम्मे हेल शेजाऱ्यांचे उचललेले असतात. उचलणे आणि लंपास करणे यांत फरक आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन-प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मूळ गावाचा उल्लेख न करता मिरवल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतून लोक संतापले. २०१९ मध्ये ज्या चपलेला आठ जिल्ह्यांच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे मूळ लपवले गेले याचा तो राग होता. तुम्ही काही लपवलेले नाही. तुम्ही घरी आणि कार्यालयात ज्याला त्याला त्या बाईंची गोष्ट सांगितली आहे. तेव्हा चोरीचा प्रश्नच येत नाही. पण मुलीच्या बोलण्यात एक तथ्य आहे आणि ते तिला नीट शब्दांत सांगता आले नसावे. तिला खटकते आहे ती तुमची नवखेपणाची धास्ती. तुम्ही साडीला आठ पिना लावता, बसताना निऱ्या सावरता, पदर खोचत नाही कारण सुरकुती पडेल. मूळ बाईंच्या साडीला तुम्हाला एकही पिन दिसलेली नव्हती.

साड्यांचे काय करायचे याचे उत्तर इथेच आहे. इरकल ही मुळात रोजच्या वापराची साडी. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची. आपल्याकडे सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात शेतावर जाणाऱ्या बायकांनी ती वर्षानुवर्षे नेसली. तिची एक गंमत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. अंगाचा ताणा सुती असतो, पदराचा ताणा रेशमी, आणि हे दोन ताणे मागावर एकेक फासा घालून एकमेकांना जोडलेले असतात. पदर नंतर शिवलेला नसतो, तो विणतानाच अंगात गुंतवलेला असतो, म्हणून ओढाताणीत सहसा हार जात नाही. लाल जमिनीवर पांढऱ्या नक्षीचा तो पदर कमरेला खोचण्यासाठीच जणू केला आहे, आणि तुम्ही त्याला सुरकुतीच्या भीतीने हात लावत नाही. (आता यंत्रमागावरच्या आणि कृत्रिम रेशमाच्या इरकलीही सर्रास मिळतात. तुमच्या आठांत त्या किती आहेत हे मला सांगता येणार नाही; पदर जिथे सुरू होतो तिथे उलट बाजूने पाहिले तर हातमागाच्या साडीत जोडाची ओळ दिसते.)

माझे म्हणणे असे की आठांपैकी दोन ठेवा. फार तर तीन. ज्या रंगांत तुम्ही स्वतःला विसरता त्या ठेवा, बाईंच्या होत्या म्हणून डाळिंबी आणि मोरपंखीच ठेवायला हवी असे नाही. बाकीच्या बहिणीला, भावजयीला, लग्नाच्या आहेरात देऊन टाका. दुकानदार बदलून देत असेल तर त्याहून उत्तम, पण दिवाळीनंतर इतक्या महिन्यांनी ती आशा धरू नका. ठेवलेल्या दोन साड्या दोन महिने आळीपाळीने, आठवड्यातून किमान तीनदा नेसा, आणि फक्त कार्यालयात नव्हे, भाजी आणायला, बँकेत, मुलीच्या कॉलेजात पालकसभेलाही. पहिली काही धुणी वेगळी करा, कारण गडद रंग उतरतो. खळ निघून गेली की सुत मऊ पडते, साडी अंगाबरोबर वळू लागते आणि पिनांची गरज आपोआप कमी होते. 'आज काय कार्यक्रम?' हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. लोकांना नावीन्याचा कंटाळा आपल्यापेक्षा लवकर येतो. दोन महिन्यांनंतरही अंगावर परके वाटले तर ती तुमची साडी नाही असे समजा आणि खुशाल तुमच्या जुन्या कुर्त्यांकडे परत जा. त्यात हार कसली?

या सदराकडे अशा आशयाची पत्रे अधूनमधून येतात. कुणाला सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांसारखे धोतर आणि कोट घालावासा वाटतो, कुणाला बँकेतल्या एखाद्या बाईंसारखे मोजके बोलायचे असते. त्या सर्वांसाठी एक छोटा उपाय सांगतो, जो मी स्वतः वापरतो. एका कागदावर त्या व्यक्तीने काय घातले होते ते लिहू नका. ती काय करत होती ते लिहा. तुमच्या बाबतीत ती यादी अशी होईल की त्या उतरण्याच्या एक स्थानक आधी तयार असत, हातातले काम मिटवून उठत, जागा सोडताना पुढच्या बाईला दाखवून देत. या तीन गोष्टींना सव्वीस हजार रुपये लागत नाहीत, आणि त्या उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनाही जमतात.

राहिला फोटो. इथे मी थोडा कठोर होणार आहे. तुम्ही लिहिले आहे की तो तुम्ही दोन बायकांच्या खांद्यांमधून, मोबाइलमध्ये काही वाचत असल्याचे दाखवत काढला आणि त्यात बाईंचे डोळे मिटलेले आहेत, मान किंचित कलली आहे. बहुधा त्यांना डुलकी लागली होती. हे वाचून माझे उत्तर ठरले. ज्या बाईंनी स्वतःला कसे दाखवायचे हे पदराच्या शेवटच्या टोकापर्यंत स्वतः ठरवले होते, त्यांच्याकडून नेमका तोच अधिकार या एका फोटोत काढून घेतला गेला आहे. तो हजारो लोकांपुढे गेला तर त्यांची ओळख तुमच्या डाळिंबी साडीतल्या बाई अशी होणार नाही, गाडीत झोपलेली म्हातारी अशी होईल, आणि खाली कोण काय लिहील यावर तुमचे नियंत्रण राहणार नाही. शिवाय त्यांना शोधले जावे असे वाटते का, हे तुम्हाला ठाऊक नाही. घरातल्या कुणापासून लपून नोकरी करणारी, एखादे प्रकरण मागे टाकून आलेली बाईही ठाणे ते दादर असाच प्रवास करते.

तुमची मैत्रीण म्हणेल की रस्त्यावरच्या लोकांचे फोटो तर जगभर काढतात. खरे आहे. न्यूयॉर्कमधले बिल कनिंगहॅम यांनी कित्येक दशके सायकलवरून हिंडत, चौकात उभे राहून अनोळखी माणसांच्या पोशाखाची छायाचित्रे घेतली आणि ती 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून येत. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी त्यांच्यासाठीही हळहळ केली. पण ते उघडपणे, कॅमेरा डोळ्याला लावून, चालत्याबोलत्या माणसांचे फोटो घेत, आणि त्यांना रस होता तो कपड्यात. जाता जाता, त्यांचा स्वतःचा पोशाख म्हणजे फ्रान्समधल्या कामगारांचा निळा डगला. खिसे भरपूर आणि किंमत थोडी. पावसाळी डगला फाटला तर ते त्यावर चिकटपट्टी लावत. गरजेच्या खुंटीचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

तेव्हा फोटो कुठेही टाकू नका, मैत्रिणीलाही पाठवू नका, आणि एकदा शेवटचा पाहून पुसून टाका. आठवण जाईल अशी भीती वाटत असेल तर तुमचे पाच पानी पत्र माझ्याकडे आहे. त्यात त्या बाई डोळे उघडे ठेवून बसलेल्या आहेत. ते मी तुम्हाला टपालाने परत पाठवतो आहे. त्यांना शोधायचेच असेल तर सभ्य मार्ग एकच दिसतो. तुमची नेहमीची गाडी सोडून अधूनमधून तिच्या आधीची किंवा नंतरची पकडा. २०२० नंतर कितीतरी जणींच्या कामाच्या वेळा बदलल्या, नोकऱ्या सुटल्या, घरे लांब गेली. न दिसण्याचा अर्थ लगेच वाईट लावण्याचे कारण नाही. साठीच्या बाई निवृत्त झाल्या असतील हा सर्वांत साधा अर्थ आहे.

आणि दिसल्याच तर काय बोलावे, हेही तुम्ही विचारता. थोडके बोला. त्यांनी निवडलेल्या गोष्टीविषयी बोला, त्यांच्या वयाविषयी, केसांविषयी, 'या वयातही' अशा शब्दांनी सुरू होणारे काहीही नको. साडी कुठून घेतली, केवढ्याला, हे पहिल्या भेटीत विचारू नका. 'तुमच्यामुळे मी इरकल नेसायला लागले' एवढे एक वाक्य पुरे. पुढचे त्यांना वाटले तर त्या बोलतील, नाही वाटले तर दादर येईलच. पुरुष वाचकांसाठी एक सूचना याच ओघात देतो. अनोळखी बाईच्या कपड्यांचे कौतुक तिच्या तोंडावर करण्याचा मोह झाला तर तो आवरावा. हेतू कितीही निर्मळ असला तरी ऐकणारीला आधी दाराचे अंतर मोजावे लागते, आणि तो त्रास तिला देण्याइतके आपले कौतुक मोलाचे नसते.

शनिवारी अर्धा दिवस मोकळा असेल तर मुलीला घेऊन साड्यांचा गठ्ठा पलंगावर पसरा आणि कुठल्या दोन ठेवायच्या हे तिला ठरवू द्या. जिने नक्कल ओळखली तिला अस्सल कुठे आहे तेही दिसेल. घड्याळासाठी मात्र शनिवारपर्यंत थांबू नका. उद्याच ते डाव्या हातात बांधा, आणि पट्टा सैल पडत असेल तर एक भोक आतल्या बाजूला पाडून घ्या. स्टेशनबाहेरचा कुठलाही घड्याळजी ते पाच मिनिटांत करून देतो.